सभापतींचा समुद्र

कोरड्या मुलखाचा अभ्यास करण्यासाठी दौरा काढावा, असा ठराव पंचायत समितीच्या ज्या सभेत मंजूर झाला, त्या सभेत सभासदांना प्यायला पाणी नव्हतं. कचेरीतला माठ सकाळीच खडखडीत झाला होता आणि कळशी घेऊन गेलेला शिपाई परत आला नव्हता. घसे कोरडे, पण ठराव एकमताने मंजूर. त्र्याहत्तर सालचा उन्हाळा तोंडावर आलेला. नगर जिल्ह्यात विहिरींचे तळ उघडे पडले होते, जनावरं छावणीत नाहीतर बाजारात गेली होती, माणसं खडी फोडत होती आणि रेशनवर आलेल्या लाल मिलोच्या, म्हणजे अमेरिकेतल्या ज्वारीच्या, भाकरी पाण्याच्या घोटाबरोबर ढकलत होती. घराबाहेर पाऊल टाकलं की अभ्यासच अभ्यास पडलेला होता. पण सभापती आप्पासाहेबांचं म्हणणं असं, की घरचा दुष्काळ डोळ्यांखालचा झाला, त्यातून माणूस काही शिकत नाही. दुष्काळ परका हवा.

तसा दुष्काळ शोधून काढायचं काम विस्तार अधिकारी शामकांतकडे आलं. शामकांत भिंगारचा, बापजाद्यांपासून कारकुनी घरातला, कागद नीट लावणारा आणि मनातलं मनात ठेवणारा. त्याला लहानपणापासून रोहित पक्षी पाहायचे होते. त्याने नकाशावर बोट ठेवलं ते थेट काठेवाडच्या टोकाला, कच्छच्या आखाताच्या काठी. तिथे सरकारने पक्ष्यांसाठी एक किनारा राखून ठेवलेला होता. पाऊस नावाला, झाडं काटेरी, ऊन आपल्यासारखंच, आणि तरीही हजारो पक्षी सुखाने राहतात, असं त्याने टिपणात लिहिलं.

"तिथं मानसं किती राहत्यात?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"माणसं जवळजवळ नाहीतच, साहेब."

"मग ब्येस. अभ्यास निवांत हुईल."

दौऱ्यावर निघालेल्या मंडळीत एक बाई होती. हिवरवाडीच्या राहीबाई. समितीत एक तरी बाई हवी असा कायदा, म्हणून त्यांना घेतलेलं. घेताना मंडळींनी विचार केला तो असा, की राहीबाईंचे मालक हयात असताना कधी कुणापुढे आवाज चढवून बोलले नव्हते, तेव्हा बाईही तशाच असतील. मालक का बोलत नव्हते, याचा विचार कुणी केला नाही. घरातलं सगळं बोलणं राहीबाईच बोलून टाकत, त्या बिचाऱ्याच्या वाट्याला शब्दच उरत नसे.

पहिल्याच सभेत राहीबाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आमच्या हिवरवाडीचा पाझर तलाव कधी सुरू करता?" तेव्हापासून त्यांचा प्रश्न न चुकता 'ऐनवेळचे विषय' या सदरात टाकण्यात येऊ लागला. ऐनवेळ आली की सभासद चपला शोधायला लागत.

तलाव मंजूर होता. आखणी झाली होती, माळावर चुन्याच्या रेषाही मारल्या होत्या. फक्त नारळ फुटत नव्हता, कारण मागच्या निवडणुकीत हिवरवाडीची मतं आप्पासाहेबांच्या विरोधात गेली होती. आप्पासाहेब हे तोंडाने कधी म्हणत नसत. ते म्हणत, "बघू." आणि त्यांचं बघून होईपर्यंत तलावाची मजुरी गावात नाही म्हणून हिवरवाडीच्या बाया तालुक्याच्या पार दुसऱ्या टोकाला खडी फोडायला चालत जात होत्या. तांबडं फुटायच्या आत निघायच्या, दिवेलागणीला परतायच्या. चांगुणा नावाची एक पोर तर त्या वाटेवरच बाभळीखाली बाळंत झाली. राहीबाई तिच्याबरोबर होत्या. नवव्या महिन्यातली पोर खडी फोडायला का जाते, हे विचारणारं तिथे कुणी नव्हतं आणि विचारलं असतं तर उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. आडोसा म्हणून राहीबाईंनी आणि आणखी एकीने लुगडं धरलं होतं आणि रस्त्यावरून सभापतींची जीप धुरळा उडवत गेली होती. त्या दिवशी राहीबाईंच्या अंगात जो संताप शिरला तो पुन्हा उतरला नाही.

त्यांनी आप्पासाहेबांना सोनईच्या बाजारात गाठलं, एका लग्नात गाठलं, देवळाच्या पायरीवर गाठलं. दर वेळी एकच उत्तर, "दौऱ्यावरनं आल्यावर बघू." तेव्हा राहीबाईंनी ठरवलं की आपणही दौऱ्यावर जायचं. बाजारातून माणूस निसटतो. रेल्वेच्या डब्यातून उठून जाईल कुठे?

दौऱ्याचं सामान पाहून मात्र त्यांना घाम फुटला. अंथरुणं थोडी आणि सत्काराचं साहित्य फार. शालींचा गठ्ठा, नारळांचं पोतं, फेट्यांची पेटी, आणि ताजी फुलं वाटेत सुकतील म्हणून जरीचे हार. सोबतीला सहादेव. हा सभासद खरा, पण त्याचं खरं काम आवाज देण्याचं. आप्पासाहेब कुठेही उभे राहिले की सहादेव घसा साफ करून "आपल्या लाडक्या" असं सुरू करायचा आणि मग ते लवकर आवरत नसे. मनमाडला स्टेशन मास्तरचा सत्कार झाला. सुरतेला चहावाल्याचा झाला, त्याने चांगला चहा दिला म्हणून. अहमदाबादेत सत्काराला कुणी सापडेना, तर एका हमालाला धरला. तो बिचारा शाल बघून पळाला, त्याला वाटलं आपल्यावर चोरीचा आळ येतोय.

राहीबाई डब्यात आप्पासाहेबांसमोर बसून होत्या. तोंड उघडलं की आप्पासाहेब डोळे मिटत. डोळे उघडायची वाट पाहावी, तर ते उठून दुसऱ्या बाकावर जात. शेवटी एकदा राहीबाईंनी वाटच अडवली.

"आप्पासाहेब, हिवरवाडीचं बोलायचं हुतं."

"राहीबाई, आपुन देशाच्या कामाला निघालोय. इथं घरगुती विषय काढू नये."

"पोरी रस्त्यावर बाळंत व्हत्यात, त्यो घरगुती विषय व्हय?"

"दौऱ्यावरनं आल्यावर बघू," आप्पासाहेब म्हणाले आणि तोंडावर टॉवेल घेऊन झोपले. ते घोरतही होते, पण राहीबाईंना ते घोरणं खरं वाटलं नाही.

शेवटी एकदाचा तो मुलूख आला. पांढरट, खारट जमीन. बाभळी होत्या, त्याही गुडघ्याएवढ्या. वारा असा गरम की नाकातले केस जळावेत. दूर एक नीलगाय उभी होती, ती मंडळींना पाहून निघून गेली, आणि तिने ते बरं केलं. राहीबाईंनी चहूकडे नजर टाकली. त्यांना वाटलं, हा तर आपला माळच आहे, फक्त इथे कुणी निवडून आलेलं दिसत नाही.

किनारा राखणारा गार्ड खाकी कपड्यातला उंच, काळा, रापलेला काठेवाडी गडी होता. त्याने मंडळींना बाभळींमधून पुढे नेलं आणि हात पसरून म्हणाला, "आ रह्यो दरियो."

मंडळींनी पाहिलं. समुद्र नव्हता. नजर पोचेल तिथपर्यंत नुसता करडा, ओलसर, चकाकता चिखल पसरला होता. पार टोकाला गुलाबी रंगाची एक रेघ होती. शामकांतने चष्मा पुसून परत लावला. ती रेघ म्हणजे रोहित पक्षी होते. पण त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

"समुद्र कुठाय?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"गया साहब. आवशे." म्हणजे, येईल परत.

"गेला?" आप्पासाहेबांनी मागे वळून सगळ्यांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर दुःख होतं आणि त्या दुःखाखाली मोठं समाधान होतं. "मंडळी, समुद्रसुद्धा आटला. आपुन उगंच आपल्या विहिरींचं रडगाणं गातो."

सभासदांनी जिभा टाळ्याला लावून हळहळ व्यक्त केली. शामकांत पुढे झाला. "साहेब, ही ओहोटी आहे. इथे पाणी फार लांब जातं आणि—"

"शामकांत," सहादेव डोळे वटारून म्हणाला, "सायेब बोलत्यात."

शामकांत गप्प बसला. गप्प बसण्याचा त्याला पगार होता. बाकी आप्पासाहेबांचंही सगळंच चूक नव्हतं. त्यांनी मुंबईला आमदार निवासाच्या गच्चीतून समुद्र पाहिला होता, तो जागेवरच होता. जो समुद्र जागेवर राहत नाही तो त्यांच्या हिशेबी समुद्रच नव्हता. त्यांनी धोतराचा सोगा सावरला आणि हुकूम सोडला की आजचा कार्यक्रम मधोमध घ्यायचा. समुद्राच्या तळावर सभा घेणारा पहिला सभापती म्हणून आपलं नाव व्हायला काहीच हरकत नाही, हेही त्यांनी स्वतःच सुचवलं.

गार्डने हात जोडले. दुपार कलली की पाणी परत येतं, येताना पाठीमागच्या खाडीतून वळसा घालून येतं, थोडं पाहा आणि लगेच मागे फिरा, असं त्याने गुजराती, हिंदी आणि हातवारे मिळून समजावलं.

"तेवढ्यात उरकतो," आप्पासाहेब म्हणाले.

आता आपल्याकडचा कार्यक्रम 'तेवढ्यात' उरकल्याचं कुणी पाहिलंय? सतरंजी चिखलावर अंथरली. विश्रामगृहातून हातांची लाकडी खुर्ची उचलून आणली होती, कारण सभापती खाली बसत नाहीत. आधी प्रास्ताविक झालं. मग उपसभापतींनी सभापतींचा सत्कार केला. मग सभापतींनी उपसभापतींचा. बाहेरचं कुणीच नव्हतं, म्हणून सभासदांनी एकमेकांचे सत्कार केले. शाल घालणारा घालून झाला की वळून स्वतःला घालून घ्यायचा. राहीबाईंचा मात्र झाला नाही. बाईमाणसाला शाल कुणी घालायची यावर कुजबुज झाली आणि त्यांच्या वाटचा नारळ त्यांच्यासमोर सतरंजीवर ठेवून देण्यात आला.

मग गार्डची पाळी आली. त्याला फेटा बांधायचा ठरला. फेटा बांधणं हे घाईचं काम नाही. सहादेवने त्याचं डोकं दोन्ही हातांनी धरलं, एक टोक दुसऱ्या सभासदाच्या हातात दिलं आणि गार्डला गोल फिरवायला सुरुवात केली. गार्ड फिरता फिरता प्रत्येक वेळी खाडीच्या दिशेला तोंड आलं की काहीतरी बोलू पाही आणि प्रत्येक वेळी सहादेव त्याला म्हणे, "हलू नको, फेटा नीट बसंना." तिकडे आप्पासाहेब भाषणाला उभे राहिले होते.

ते निम्म्यावर आले असतील नसतील, तोच गार्ड ओरडला, "साहब! पाणी आवे छे! पाणी आवे छे!"

आणि मंडळींनी टाळ्या वाजवल्या.

ज्याला आमचा तालुका माहीत नाही त्याला हे खरं वाटणार नाही. पण गेली कितीतरी वर्षं, प्रत्येक सभेत, प्रत्येक निवडणुकीत, भाषण रंगात आलं की पुढारी हात वर करून म्हणत आलाय, "पाणी येणार!" आणि खाली बसलेला प्रत्येक जण त्यावर टाळ्या वाजवत आलाय. पाणी येतंय हे ऐकून जागचं उठायचं असतं, हे तिथे कुणाला शिकवलेलंच नव्हतं. हात आपोआप वाजले. त्यात राहीबाईंच्याही दोन टाळ्या होत्या, हे लपवून उपयोग नाही.

आप्पासाहेबांना तर स्फुरण चढलं. "येनारच!" ते गरजले. "पानी येनारच! कोन म्हनतो येत न्हाई? मी शब्द देतो—"

राहीबाई सतरंजीच्या अगदी टोकाला बसल्या होत्या. त्यांच्या घोट्याला काहीतरी गार लागलं. त्यांनी खाली पाहिलं. पाणी गाजावाजा न करता आलं होतं, सतरंजीखालून आलं होतं, आणि त्यांचा नारळ हळूच उचलला जाऊन डुलत निघाला होता.

"अरं, खरंच आलं की रं!" त्या किंचाळल्या.

मग जे झालं त्याला पळापळ म्हणायचं. सगळ्यांत आधी सहादेव पळाला. मागोमाग बाकीचे, गळ्यात हार, खांद्यावर शाली, हातात चपला. शामकांत पळता पळता दोनदा थांबला, एकदा चष्मा सापडेना म्हणून आणि एकदा रोहित पक्षी जवळ आले होते म्हणून. गार्डने अर्धवट फेट्याचं टोक दातात धरलं आणि तो लोकांना वाट दाखवत पुढे धावला.

आप्पासाहेब मात्र पळाले नाहीत. त्यांना पळताच येत नव्हतं. भाषणात जोर आला की पाय आपटायची त्यांना सवय होती, आणि एवढा वेळ ते एकाच जागी पाय आपटत होते. गुडघ्यापर्यंत रुतले होते. खुर्ची धरून वर यायला पाहावं तर खुर्चीच त्यांच्या आधी खाली चालली होती.

"सहादेव!" त्यांनी हाक मारली. एरवी कुणी हाक मारायच्या आत ओ देणारा सहादेव, तो काही वळला नाही.

राहीबाई काठाच्या बाजूला निम्म्या वाटेवर पोचल्या होत्या. हाक ऐकून त्या थांबल्या. पाणी त्यांच्या पोटऱ्यांना लागलं होतं. घरी जावं असं त्यांना फार वाटलं. मग त्या मागे फिरल्या. त्यांना फिरलेलं पाहून गार्डही फिरला. शालींचा गठ्ठा पाण्यावर तरंगत होता, तो त्यांनी ओढून घेतला आणि शालीला शाल बांधायला सुरुवात केली.

"साहब, सो जाओ!" गार्ड ओरडला. "आडा पडो!"

"कोन, मी?" आप्पासाहेब म्हणाले. पाणी त्यांच्या मांड्यांना लागलं होतं. "मी आडवा हुनार न्हाई. लोक बघत्यात."

"गाळात रुतलेला बैलसुदिक पाडल्याबिगर निघत न्हाई," राहीबाई म्हणाल्या. "आडवं व्हा."

"राहीबाई, तुमी कुनाशी बोलता?"

राहीबाईंच्या हातात शालीचं टोक होतं. ते फेकायला त्यांनी हात उचलला आणि तसाच खाली घेतला. रेल्वेत ज्याची वाट अडवावी लागली तो माणूस आज कुठेही जाणार नव्हता. डोळे मिटणार नव्हता, टॉवेल घेणार नव्हता. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच तो त्यांच्याकडे नीट पाहत होता.

"आप्पासाहेब, हिवरवाडीचा नारळ कधी फोडता?"

"अवो, ही काय येळ हाय का?"

"हीच येळ हाय. दुसरी मला गावली न्हाई."

"दौऱ्यावरनं गेल्यावर—" आप्पासाहेबांनी सुरुवात केली आणि त्यांनाच कळलं की हे वाक्य इथे चालणार नाही. पाणी कमरेला आलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "पुढल्या महिन्यात!"

शालीची एक गाठ ढिली वाटली, ती राहीबाईंनी निवांत सोडून परत घट्ट केली. खरं तर माणूस डोळ्यांदेखत बुडाला असता तर त्यांना जन्मभर झोप लागली नसती. पण चांगुणाच्या अंगावरून गेलेला जीपचा धुरळाही त्यांना झोपू देत नव्हता.

"सोमवारी!" आप्पासाहेब ओरडले. "गेल्या गेल्या, सोमवारी! आईची आन!"

"आता आडवं व्हा."

सभापती आडवे झाले. नुसते आडवे नाही, पालथे झाले, हनुवटी पाण्यात, हार गळ्यात, आणि दोन्ही मुठींत राहीबाईंनी फेकलेलं शालीचं टोक. गार्ड आणि राहीबाईंनी पाय रोवून त्यांना ओढलं. चिखलाने त्यांना सोडताना मोठा आवाज केला. धोतर चिखलानेच ठेवून घेतलं. पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीतले आप्पासाहेब सरपटत, घसटत, नाकातोंडात खारं पाणी जात, काठाला लागले.

काठावर उभ्या असलेल्या सभासदांनी हे पाहिलं का? छे. सगळ्यांनी पाठी फिरवल्या होत्या. भरतीच्या पाण्याबरोबर रोहित पक्ष्यांचा थवा पलीकडच्या खाडीत उतरला होता, लांब पायांनी डौलात चालत होता, आणि सारी पंचायत समिती त्यांच्याकडे टक लावून बघत होती. सगळ्या दौऱ्यात पक्षी पाहिले ते तेव्हाच, पण पाहिले अगदी मनापासून.

संध्याकाळी विश्रामगृहाच्या ओसरीवर आप्पासाहेबांनी राहीबाईंना बोलावून घेतलं. कोरडं धोतर, डोक्यावर टोपी, हातात चहा. माणूस पुन्हा सभापती झाला होता.

"राहीबाई, त्या टायमाला मी काय बोललो, मला काय आठवत न्हाई. पान्यात मानूस काय बी बोलतो."

राहीबाईंना हे अपेक्षित नव्हतं असं नाही. तरी त्यांचं तोंड कडू झालं. आईची आण घेतलेला माणूस कपडे बदलले की एवढा बदलतो?

"तुमास्नी आठवत न्हाई, ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "मला समदं आठवतंय. आडवं झाल्यापास्नं चड्डीपत्तुर. सोनईच्या बाजारात बसले ना, तर बाया इचारतीलच की, दौऱ्यात काय काय बगितलं म्हनून."

आप्पासाहेबांनी कप खाली ठेवला. बुडण्याला ते भ्याले होते, पण आत्ता दिसले तेवढे नाही. शिव्या पचवता येतात, पराभव पचवता येतो, विरोधकांनी काढलेले मोर्चेही पचतात. पण ज्याच्यावर बाजारातल्या बाया पदर तोंडाला लावून हसतात तो माणूस पुन्हा निवडून येत नाही, एवढं राजकारण त्यांना येत होतं.

त्यांनी टोपी काढून परत घातली. मग म्हणाले, "तुमी काय बी बगितलं न्हाई."

"काम सुरू झालं तर न्हाई बगितलं."

"आन मी जे सांगंन त्याला हू म्हनायचं."

एवढं मात्र राहीबाईंच्या ध्यानात नीट आलं नाही. त्यांना वाटलं, सांगून सांगून काय सांगेल. "बरं," त्या म्हणाल्या.

सोमवार उजाडला आणि खरोखरच माळावर मांडव पडला. हिवरवाडीच्या बाया कुदळी, पाट्या घेऊन सकाळपासून चुन्याच्या रेषांपाशी बसल्या होत्या. आप्पासाहेब ऊन डोक्यावर आल्यावर आले. सहादेवने घसा साफ केला. आणि मग आप्पासाहेबांनी दौऱ्याची हकीकत सांगायला घेतली.

परमुलखातला भयंकर समुद्र. डोंगराएवढ्या लाटा. हिवरवाडीची लेक, आपल्या राहीबाई, नको म्हणत असताना पाण्यात गेलेल्या. "सगळे वरडाया लागले. मी म्हनलं, माझ्या तालुक्याची बाई परक्या पान्यात मरू देनार न्हाई. धोतरासकट उडी घातली! बुडता बुडता बाईंनी काय मागितलं? म्हनल्या, आप्पासाहेब, माझं काय बी होवो, माझ्या गावाचा तलाव करा. मी तिथंच शब्द दिला!" बायांचे डोळे पाणावले. "खोटं वाटत आसंल तर इचारा राहीबाईला. हितंच हायत त्या."

सगळा मांडव राहीबाईंकडे वळला.

राहीबाई उठून उभ्या राहिल्या. त्यांच्या मनात आलं, सांगावं, की हा पालथा पडून गाळातून ओढला गेला. सांगावं, चड्डीच्या पट्ट्या कुठल्या रंगाच्या होत्या. सगळा माळ हसला असता, आणि असं हसला असता की नगरापर्यंत ऐकू गेलं असतं. आप्पासाहेबांच्या पुढ्यात नारळ होता, अजून न फुटलेला. कोरी कुदळ बाजूला पडली होती. बाया पाट्या उराशी धरून त्यांच्याकडे बघत होत्या, आणि त्यांच्यात अशाही होत्या ज्यांचे दिवस भरत आले होते.

"व्हय," राहीबाई म्हणाल्या. "सायबांनी वाचवलं मला."

टाळ्यांचा कडकडाट झाला. नारळ फुटला, कुदळ पडली, हार झाले, जीप गेली. मुकादमाने बायांची नावं घेतली आणि लगेच काम सुरू झालं. मातीची पहिली रांग लागली.

रांगेत राहीबाईंची जाऊ लंकाबाई त्यांच्यामागे उभी होती. पाटी डोक्यावर घेता घेता ती करवादली, "पन म्या म्हनते बाई, तुमाला पान्यात जायाचं काय नडलं हुतं? एवढा मोठा मानूस तुमच्यापायी बुडला आस्ता मंजे? तलाव ऱ्हायलाच आस्ता की आमचा. पुढल्या बारीला समितीत कुनीतरी शानी बाई पाठवाया पायजे, समद्या म्हनत्यात."

राहीबाईंनी मागे वळून तिच्याकडे पाहिलं. मग डोक्यावरची पाटी सारखी केली.

"माती वढ, लंके," त्या म्हणाल्या. "बोलू नगं. माती वढ."